परदेशातील चालू घडामोडी शालेय प्रकल्पासाठी कशा शोधाव्यात : लातूरच्या मोंढ्यापासून ब्राझीलपर्यंत बातमीचा माग

"कोणताही एक परदेश निवडून तेथील चालू घडामोडींवर प्रकल्प तयार करा" असे काम शाळेतून मिळाले की पुढे काय होते, हे आमच्या वाचनालयात बसून मी अनेक वर्षे पाहत आलो आहे. झेरॉक्सच्या दुकानातून देशाचा रंगीत झेंडा छापून आणला जातो, राजधानी, चलन, लोकसंख्या आणि राष्ट्रीय प्राणी ही माहिती कुठून तरी उतरवून घेतली जाते आणि शेवटच्या दोन पानांवर हाताला लागतील ती तीन कात्रणे डिंकाने चिकटवली जातात. अशा वहीत देश असतो, परंतु घडामोड नसते. कात्रण कोणत्या तारखेचे आहे, ती बातमी कोणी दिली आणि तिचे पुढे काय झाले, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या वहीत सापडत नाही.

मराठवाड्यातील विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांना हे काम पहिल्यांदाच करायचे आहे, असे गृहीत धरून पुढील मार्गदर्शन लिहिले आहे. घरात एकच मोबाइल आहे, तो संध्याकाळी वडील शेतातून किंवा दुकानातून आल्यावरच हाती येतो आणि गावात रेंज कधी असते तर कधी नसते, हेही धरून चाललो आहे. सगळ्या पायऱ्यांमागची कल्पना मात्र एकच आहे : आपल्या हाती आलेली बातमी कोणाकडून आली, त्याच्याकडे ती कोणाकडून आली, असा तिचा उलटा माग काढत घटना घडली त्या ठिकाणापर्यंत जायचे.

पहिली पायरी : देश निवडणे आणि विषय अरुंद करणे

देशाची निवड नकाशावर बोट ठेवून करू नये. आपल्या गावाचा किंवा जिल्ह्याचा ज्या देशाशी काही ना काही संबंध आहे, तो देश घ्यावा, कारण मग बातमी वाचताना काय विचारायचे हे आपोआप सुचते. छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत स्कोडाचा मोटार कारखाना आहे, म्हणून चेक प्रजासत्ताक घेता येईल. नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला कॅनडातून आणि ब्रिटनमधून भाविक येतात, म्हणून ते देश घेता येतील. युक्रेनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेणारे विद्यार्थी २०२२ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर मायदेशी परतले. ओळखीत असे कोणी असल्यास युक्रेनइतका जवळचा देश दुसरा नाही. अमेरिका शक्यतो टाळावी. तेथील बातम्या इतक्या असतात की निवडता निवडताच आठवडा संपतो.

या लेखात मी उदाहरणासाठी ब्राझील घेतला आहे, आणि त्याचे कारण लातूरच्या मोंढ्यात आहे. आपल्याकडील शेतकरी ज्या सोयाबीनच्या भावाकडे डोळे लावून बसतो, त्या सोयाबीनचा जगातील सर्वांत मोठा उत्पादक देश ब्राझील आहे आणि त्याचा सर्वांत मोठा ग्राहक चीन आहे. "सौद्यात भाव का पडला?" या प्रश्नाला आडतीवर बसलेला माणूस कधीकधी "तिकडं ब्राझीलात पीक भरपूर आलंय" असे उत्तर देतो. ते उत्तर खरे आहे की नुसते सांगायचे म्हणून सांगितले आहे, हे तपासणे हाच एक उत्तम प्रकल्प होऊ शकतो.

देश ठरला की विषयही लगेच अरुंद करावा. "ब्राझीलमधील घडामोडी" हा विषय नव्हे. "गेल्या आठ आठवड्यांत ब्राझीलमधील पाऊस आणि सोयाबीनचे पीक" हा विषय आहे. किती आठवड्यांच्या बातम्या घ्यायच्या, हे वर्गशिक्षकांना आधीच विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे, कारण ही मर्यादा नसेल तर तीन वर्षांपूर्वीची बातमीही "चालू" म्हणून वहीत शिरते आणि तसे झाल्याचे मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहे.

दुसरी पायरी : बातमी वाचण्याआधीची एक पानाची तयारी

विश्वकोश, नकाशासंग्रह आणि विकिपीडिया यांचा उपयोग याच पायरीला आहे, पुढे नाही. एका पानावर पाच-सहा गोष्टी लिहाव्यात. भाषा : ब्राझीलची भाषा पोर्तुगीज आहे, शेजारच्या अर्जेंटिनासारखी स्पॅनिश नव्हे. राजधानी : ब्राझिलिया, सर्वांत मोठे शहर साओ पावलो. चलन : रिआल, ज्याची गल्लत सौदी अरेबियाच्या रियालशी करू नये.

वेळ ही बाब किरकोळ वाटते, पण प्रकल्पातील निम्म्या चुका तिच्यामुळे होतात. ब्राझिलियातील घड्याळ भारताच्या साडेआठ तास मागे असते. लातुरात सकाळचे सात वाजलेले असतात तेव्हा तेथे आदल्या दिवशीच्या रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, म्हणून आपल्या वर्तमानपत्रात "काल" असे छापलेले असले तरी घटनेची तेथील तारीख वेगळी असू शकते. वहीत नेहमी तेथील तारीख लिहावी.

ऋतूंचेही तसेच. ब्राझीलचा बहुतांश भाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे तेथील ऋतू आपल्या उलट चालतात. आपण जून-जुलैत सोयाबीन पेरतो आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास काढतो. तेथे साधारण सप्टेंबरअखेरीपासून पेरा सुरू होतो आणि जानेवारी ते एप्रिलमध्ये काढणी होते. म्हणजे आपले खळे चालू असते तेव्हा त्यांची पेरणी चालू असते. हे ठाऊक नसलेल्या विद्यार्थ्याला नोव्हेंबरमधील "पाऊस लांबल्याने पेरा रखडला" ही बातमी छपाईची चूक वाटते.

राज्यांची नावे नकाशावर बोट ठेवून पाठ करावीत, कारण ती फसवी आहेत. सोयाबीनचे सर्वांत मोठे राज्य मातो ग्रोसो. पण मातो ग्रोसो दो सुल हे त्याच्या शेजारचे निराळे राज्य आहे. रिओ ग्रांदे दो सुल अगदी दक्षिणेला उरुग्वेच्या सीमेवर, तर रिओ ग्रांदे दो नोर्ते ईशान्येच्या किनाऱ्यावर. रिओ द जानेरो हे आणखी तिसरेच.

तिसरी पायरी : सुरुवात घरच्या वर्तमानपत्रापासून

मोबाइल हाती घेण्याआधी वाचनालयात जावे. कोणत्याही मराठी दैनिकाच्या देश-विदेश पानावरील बातमीची सुरुवात नीट पाहिली तर तेथे गावाचे नाव आणि त्यासोबत "वृत्तसंस्था", "पीटीआय", "एपी" किंवा "रॉयटर्स" असा शब्द दिसतो. विद्यार्थी बातमी कापताना नेमका हाच तुकडा कात्रीखाली घालवतात. वास्तविक संपूर्ण कात्रणात सर्वांत मोलाचा तुकडा तोच असतो, कारण बातमीच्या मागाचे पहिले पाऊल तेथे उमटलेले असते.

वृत्तसंस्था म्हणजे स्वतःचे वर्तमानपत्र न काढता इतर वर्तमानपत्रांना बातम्या पुरवणारी संस्था. एपी ही अमेरिकेतील संस्था १८४६ पासून आणि रॉयटर्स ही लंडनमध्ये सुरू झालेली संस्था १८५१ पासून हे काम करते. एएफपी ही फ्रान्सची आहे. आपल्याकडील पीटीआयने १९४९ मध्ये काम सुरू केले. लातूर, बीड किंवा परभणीच्या दैनिकाचा वार्ताहर ब्राझीलमध्ये नसतो. तेथील बातमी अशा एखाद्या संस्थेकडून येते आणि येथे तिचा अनुवाद होतो.

यातून एक महत्त्वाचा नियम निघतो. तीन दैनिकांत एकच बातमी आली आणि तिन्हींवर एकाच संस्थेचे नाव असेल, तर आपल्याकडे तीन पुरावे जमले असे होत नाही. एकच पुरावा तीनदा छापला गेला आहे. वहीत तो एकच मोजावा.

वर्तमानपत्राच्या जोडीला आकाशवाणीची मराठी आणि हिंदी बातमीपत्रे, बीबीसी मराठी, तसेच जर्मनीच्या डॉइच वेलेची हिंदी सेवा आणि जपानच्या एनएचकेची हिंदी सेवा यांचा उपयोग होतो. शेवटच्या दोन सेवा जर्मनी आणि जपान या देशांवर प्रकल्प करणाऱ्यांना तर फारच सोयीच्या आहेत, कारण त्या देशांचे स्वतःचे म्हणणे हिंदीत मिळते.

चौथी पायरी : त्या देशाच्या स्वतःच्या बातम्यांपर्यंत पोहोचणे

ही पायरी गाळल्यास प्रकल्प "परदेशातील घडामोडी" असा न राहता "आपल्यापर्यंत पोहोचलेल्या परदेशातील घडामोडी" असा होतो. हा फरक का महत्त्वाचा आहे, हे लातूरकरांना समजावून सांगण्याची खरे तर गरज नसावी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वेगाडी लातूरला आली तेव्हा परदेशी माध्यमांनीही तिच्या बातम्या दिल्या. दूरच्या वाचकासाठी ती "भारतातील दुष्काळा"ची बातमी होती. त्या गाडीच्या पाण्याने कोणत्या वॉर्डात किती दिवसांनी टँकर येऊ लागला, हे मात्र इथल्याच वर्तमानपत्रांत वाचायला मिळत होते. आपण ब्राझीलकडे पाहताना त्या दूरच्या वाचकाच्या जागी उभे असतो.

कोणत्याही देशासाठी तीन प्रकारची ठिकाणे शोधावीत : तेथील सार्वजनिक किंवा सरकारी वृत्तसंस्था, तेथील मोठी दैनिके आणि विषयाशी संबंधित सरकारी खाते. ब्राझीलपुरते सांगायचे तर आजेन्सिया ब्राझील ही सार्वजनिक वृत्तसंस्था पोर्तुगीजबरोबर इंग्रजीतही बातम्या देते, त्यामुळे सुरुवात तिच्यापासून करावी. फोल्या द साओ पावलो, ओ ग्लोबो आणि ओ इस्तादो द साओ पावलो ही तेथील जुनी मोठी दैनिके आहेत; त्यांचे काही मजकूर पैसे भरल्याशिवाय उघडत नाहीत, तेव्हा शीर्षक आणि तारीख टिपून पुढे जावे, पैसे मुळीच भरू नयेत. पिकाचे आकडे कोनाब या सरकारी संस्थेकडून दर महिन्याला जाहीर होतात.

सरकारी वृत्तसंस्थेची बातमी खोटीच असते असे नाही, परंतु ती सरकारची बाजू असते. चीनच्या शिन्हुआ किंवा रशियाच्या तास या संस्थेची बातमी घेतल्यास तिच्यापुढे वहीत "सरकारी वृत्तसंस्था" असे स्पष्ट लिहावे आणि त्याच घटनेवरील दुसऱ्या देशाची बातमी शेजारी ठेवावी. पूर, भूकंप, उपासमार अशा आपत्तींसाठी संयुक्त राष्ट्रांचे रिलीफवेब हे संकेतस्थळ देशवार बातम्या आणि अहवाल एकत्र ठेवते. भूकंपाची तीव्रता आणि वेळ अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याकडे काही मिनिटांतच मिळते.

पाचवी पायरी : शोधाचे शब्द

मराठीत "ब्राझील सोयाबीन पाऊस" असे लिहून शोधल्यास मराठीत लिहिलेलेच समोर येते. तेथील बातमी हवी असेल तर तेथील शब्द हवेत. त्यासाठी आठ-दहा शब्दांचा छोटा कोश करून घ्यावा : सोयाबीनला पोर्तुगीजमध्ये "सोजा", हंगामाला "साफ्रा", अवर्षणाला "सेका". मोबाइलमधील भाषांतराच्या सुविधेत मराठी शब्द घालून पोर्तुगीज शब्द घ्यावा आणि तो तसाच उचलून शोधाच्या चौकटीत चिकटवावा. स्पेलिंग पाठ करण्याची गरज नाही.

भाषांतरयंत्रावर मात्र आंधळा विश्वास टाकू नये. "दुष्काळ" हा आपला शब्द त्याला दिला की ते कधी पाण्याचा दुष्काळ समजते, कधी उपासमार. "ओला दुष्काळ" दिला तर काय बाहेर येईल हे न सांगितलेलेच बरे. तो शब्द कळण्यासाठी सप्टेंबर २०२५ मधील मराठवाडा पाहिलेला असावा लागतो. उलट दिशेनेही असेच घडते. ब्राझीलच्या चलनाचे नाव पोर्तुगीजमध्ये "खरा, वास्तविक" या अर्थाच्या शब्दासारखेच लिहिले जाते, त्यामुळे भाषांतरात किंमतीच्या पुढे अचानक "वास्तविक" असा शब्द आला तर तो बहुधा रिआल असतो. यासाठी कोशात साधे, एकच अर्थ निघणारे शब्द ठेवावेत : पाऊस, पूर, पीक, भाव, निर्यात.

पोर्तुगीज ही पोर्तुगालचीही भाषा असल्याने शोधात तेथील बातम्या मिसळतात. संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवट पाहावा : ब्राझीलच्या पत्त्यांचा शेवट सहसा डॉट बीआर असा आणि पोर्तुगालच्या पत्त्यांचा डॉट पीटी असा असतो. गूगलमध्ये इंग्रजीत "साइट" हा शब्द, त्यापुढे विसर्गासारखी दोन टिंबे आणि त्यांना चिकटून बीआर लिहिल्यास फक्त ब्राझीलच्या पत्त्यांवर शोध होतो. त्यानंतर बातम्यांचा विभाग निवडून, टूल्समध्ये जाऊन आपण ठरवलेल्या आठवड्यांची तारीखमर्यादा घालावी. या दोन कृतींनी हजारो निकालांचे विसेक होतात, आणि विसेक बातम्या एका संध्याकाळी चाळता येतात.

प्रश्न विचारल्यावर तयार उत्तर देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने शब्द सुचवण्यासाठी वापरण्यास हरकत नाही. त्यांनी सांगितलेली बातमी मात्र मूळ पान उघडून, तारीख स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय वहीत घेऊ नये. ही साधने कधीकधी अस्तित्वात नसलेल्या बातमीचाही आत्मविश्वासाने हवाला देतात.

सहावी पायरी : आकडे आपल्या मापात आणणे

या पायरीवर मी स्वतः तोंडघशी पडलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आपण "१,२५०.७५" असे लिहितो, ब्राझीलमध्ये हीच संख्या "१.२५०,७५" अशी लिहितात. स्वल्पविराम आणि टिंब यांची कामे तेथे अदलाबदल झालेली असतात. एका विद्यार्थिनीला मदत करताना मी "१७१,५ दशलक्ष टन" हा आकडा सतराशे पंधरा दशलक्ष असा वाचला आणि पीक दहापट झाले. तिने शांतपणे विचारले, "काका, मग जगात इतर कोणी सोयाबीन पेरतच नाही का?" तो आकडा १७१.५ दशलक्ष, म्हणजे सव्वासतरा कोटी टनांच्या थोडा आतला होता. दशलक्ष म्हणजे दहा लाख, अब्ज म्हणजे शंभर कोटी, ही जोडी पानाच्या कोपऱ्यात लिहूनच ठेवावी.

भावाचेही माप वेगळे. आपल्याकडे भाव क्विंटलला, म्हणजे शंभर किलोंना सांगतात; ब्राझीलमध्ये तो साठ किलोंच्या पोत्याला सांगतात. समजा बातमीत पोत्याला १२० रिआल असा भाव असेल, तर त्याला साठाने भागून शंभराने गुणावे : क्विंटलला २०० रिआल झाले. मग त्या दिवशीच्या विनिमय दराने रुपये करावेत आणि तो दर कोणत्या तारखेचा आहे हेही लिहावे. एवढे केल्यावर लातूरच्या त्याच दिवशीच्या सौद्याचा भाव शेजारी ठेवता येतो.

सातवी पायरी : पडताळणी, एका जुन्या घटनेवर सराव करून

हाताला वळण लागावे म्हणून आधी एखाद्या पूर्ण झालेल्या घटनेवर सराव करावा, कारण तिचे खरे काय ते आता ठरलेले असते. रिओ ग्रांदे दो सुल राज्यात एप्रिलच्या शेवटी आणि मे २०२४ मध्ये आलेला महापूर यासाठी योग्य आहे. राज्याची राजधानी पोर्तो आलेग्रेजवळ ग्वाईबा नदीची पातळी पाच मीटरच्या वर गेली आणि १९४१ च्या पुराचा ४.७६ मीटरचा विक्रम मोडला. मृतांची संख्या १८० च्या वर पोहोचली. परंतु पहिल्या आठवड्यातील बातम्या वाचल्या तर हा आकडा रोज वाढताना दिसतो. म्हणजे ३ मेची बातमी चुकीची होती असे नव्हे. ती ३ मेपुरती बरोबर होती. यासाठी प्रत्येक आकड्यापुढे "अमुक तारखेपर्यंत" असे शब्द हवेतच.

याच वर्षी उत्तरेत ॲमेझॉनच्या खोऱ्यात, २०२३ पाठोपाठ सलग दुसऱ्या वर्षी, तीव्र अवर्षण होते आणि नद्या आटल्या होत्या. म्हणून "ब्राझीलमध्ये अतिवृष्टी" किंवा "ब्राझीलमध्ये दुष्काळ" हे दोन्ही मथळे राज्याचे नाव घातल्याशिवाय अर्धवटच राहतात.

छायाचित्रांबाबत थोडक्यात : चित्र गूगल लेन्समध्ये टाकून ते पहिल्यांदा कधी आणि कोठे छापले गेले ते पाहावे. पुराची छायाचित्रे एका देशातून दुसऱ्या देशात फार सहज फिरतात. व्हॉट्सॲपवर आलेले चित्र मूळ जागा सापडल्याशिवाय चिकटवू नये.

आठवी पायरी : वहीतील नोंद

प्रत्येक बातमीसाठी अर्धे पान पुरते. वर तेथील तारीख आणि ठिकाण, राज्यासह. त्याखाली दोन-तीन वाक्यांत काय घडले, स्वतःच्या शब्दांत. यंत्राने केलेले भाषांतर तसेच उतरवल्यास शिक्षकांना पहिल्याच ओळीत कळते. मग बातमीचा माग : "लातूरचे दैनिक, त्यास पीटीआय, त्यास रॉयटर्स, त्यास राज्याच्या नागरी संरक्षण खात्याचे निवेदन" अशी साखळी बाणांनी काढावी. साखळी मध्येच तुटली तर तेथे प्रश्नचिन्ह काढावे. ते लपवू नये, कारण मी शिक्षक असतो तर तुटलेली साखळी प्रामाणिकपणे दाखवणाऱ्या वहीलाच अधिक गुण दिले असते. शेवटी उजव्या बाजूस, वेगळ्या रंगाच्या शाईने, या बातमीचा आपल्या विषयाशी काय संबंध आहे ते एका वाक्यात लिहावे.

अशा दहा-बारा नोंदी जमल्या की त्या तारखेच्या क्रमाने लावाव्यात आणि खाली एक रेघ मारून त्याच आठवड्यांतील लातूरचे सोयाबीनचे भाव लिहावेत. भाव आणि बातम्या जुळल्या तर तसे लिहावे, न जुळल्या तर तसेही लिहावे. आपल्याकडील भाव आवक, मालातील ओलावा, तेलाची आयात आणि हमीभावाची खरेदी यांवरही ठरतो, त्यामुळे सगळे खापर ब्राझीलवर फुटेलच असे नाही, आणि आडतीवरच्या माणसाला ही वही नेऊन दाखवली तर तोही चहा मागवून चार गोष्टी अधिक सांगेल. त्याचे म्हणणेही तारीख घालून नोंदवावे.

वही शाळेत द्यायच्या आदल्या रात्री साडेआठच्या सुमारास, म्हणजे ब्राझिलियात भर दुपारचे बारा वाजलेले असताना, शेवटच्या दोन-तीन बातम्या पुन्हा एकदा उघडून पाहाव्यात. काही आकडा बदललेला असल्यास जुनी नोंद खोडू नये. तिच्याखाली नवी तारीख घालून नवी ओळ लिहावी.